जीभ आणि घसा

मास्तरांनी बिअरचा घोट तोंडात घोळवला, जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत फिरवला आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकून टाकला.

"छान उतरलीय," ते म्हणाले. "उद्या बाटल्यांत भरू."

शेफने आपला घोट गिळला होता आणि तो अजून गळ्यावरून बोट फिरवत होता. "इथे. इथे काहीतरी खरखरतंय, मास्तर. माझा मासा तळलेला, तेलाचा. त्यावर ही प्यायली की तोंड साफ व्हायला हवं, घसा खरवडून निघायला नको. साधी, हलकी पिल्सनर बिअर असती तर चाललंही असतं. ही कडक आहे."

ब्रूअरी मास्तरांची, नवं हॉटेल शेफचं आणि ही कडक पिल्सनर दोघांची मिळून. लेबलांवर दोघांची नावं छापून झाली होती. हॉटेल उघडणार ते याच बिअरने. टाकी एकच होती. बिघडली असेल तर सरळ गटारात, आणि दुसरी तयार करायला आता वेळ नव्हता.

"तुमचा घसा दिवसभर फोडणीच्या धुरात असतो," मास्तर म्हणाले. "दोष बिअरचा की घशाचा, देव जाणे. मला तर काही जाणवलं नाही."

"कसं जाणवणार? हा कडूपणा घशात कळतो आणि तुम्ही थुंकून मोकळे होता. वास घेऊन कधी मीठ कळतं का?"

मास्तर हसले. हा विषय हसण्यावारी न्यायची त्यांना सवय झाली होती. त्यांनी दारू सोडली होती, बिअर करणं सोडलं नव्हतं. दुसरं काही येतच नव्हतं. तोंडात घ्या, पोटात नाही, ही बायकोची अट. ती त्यांनी जिवापाड पाळली. पण गिळून पाहिल्याशिवाय टाकी पास होत नाही, आणि परक्याच्या घशावर मास्तरांचा भरवसा नाही. मग ते काम बायकोनेच अंगावर घेतलं. जीभ मास्तरांची, घसा वहिनींचा, असं कारखान्यात सगळे हसून म्हणायचे.

"वहिनींना बोलवा," शेफ म्हणाला. "त्या म्हणतील ते खरं."

मास्तरांनी हाक मारली. बायको लेबलांच्या खोलीत असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती दाराशीच उभी होती.

त्यांनी टाकीचा नळ सोडून ग्लासात चार बोटं बिअर घेतली. तिने ती प्यायली. पूर्वी ती नाक दाबून प्यायची, कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायची आणि वर तांब्याभर पाणी मागायची. ते तोंड बघून मास्तरांना हसू आवरत नसे. आज तिने नाक दाबलं नाही. तोंडही केलं नाही. ते तोंड आपण शेवटचं कधी पाहिलं, हे मास्तरांना आठवेना.

"काय म्हणता?" शेफने विचारलं.

"बरी आहे. पण थांबा. असं एकदम नाही सांगता येत." तिने ग्लास पुढे केला.

या वेळी तिने चार बोटांवर भागवलं नाही. ग्लास भरेपर्यंत नळाखाली धरून ठेवला आणि घोट घोट करत रिकामा केला.

"याला म्हणतात चाखणं," शेफ खूश होऊन म्हणाला. "नाहीतर लोक एका घोटात निकाल देऊन मोकळे होतात."

तिचे कान लाल झाले होते. एक खांदा थंडगार टाकीला लावून ती आरामात रेलली. मास्तरांनी ते रेलणं ओळखलं. ते त्यांचंच होतं. पीत होते तेव्हा वर्षानुवर्षं ते याच टाकीला असे टेकून उभे राहायचे.

"पुरे," ते म्हणाले.

"पुरे काय? मला अजून कळलं नाही. एवढी टाकी उगाच ओतून द्यायची का?"

"मग मास्तर, तुम्हीच एक घोट गिळा आणि सोडवा आम्हाला," शेफ म्हणाला. "एका घोटाने काय आभाळ कोसळतंय?"

शेफला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या आयुष्यात एक घोट कधी एकच राहिला नव्हता. त्यांची अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली. आपण गिळलं नाही तर ती गिळणार. आज, आणि पुढच्या प्रत्येक टाकीला. बरी आहे म्हणून आत्ताच्या आत्ता विषय संपवावा, तर शेफ ऐकायचा नाही. आणि ब्रूअरी बंद करून खायचं काय?

त्यांनी तिच्या हातातून ग्लास घेतला, भरला आणि तोंडाला लावला. फेस ओठांना लागला. घसा आपणहून उघडला. इतक्या वर्षांनी त्याला काहीही शिकवावं लागलं नाही.

"अहो!"

तिने ग्लास हिसकावून घेतला. थोडी बिअर मास्तरांच्या शर्टावर सांडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझी शपथ आहे तुम्हाला. तुम्ही नाही. तुम्ही कधीच नाही."

आणि उरलेली बिअर तिने एका दमात तळापर्यंत संपवली.

शेफ कावराबावरा होऊन एकदा तिच्याकडे, एकदा मास्तरांकडे बघू लागला. ती त्यांना वाचवायलाच धावली होती, यात तिळमात्र शंका नव्हती. पण त्यासाठी ग्लास नुसता काढून घेतला असता तरी पुरे होतं.

तिने मनगटाने ओठ पुसले आणि डोळे मिटून क्षणभर थांबली.

"आत्ता कुठे जरा कळायला लागलंय," ती म्हणाली आणि ग्लास पुन्हा नळाखाली धरला.