उखाण्याचं बटण

चौबे कॉलोनीतल्या हळदीकुंकवासाठी देवश्रीनं हौसेनं लॅपटॉपवर प्रोग्राम केला होता. यादीतलं आपलं नाव निवडायचं, बटण दाबायचं, की नवऱ्याच्या नावाचा उखाणा हजर. पहिला मान शांताबाईंचा. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "बूढातालाबाच्या काठी दिव्यांची आरास, निरंजनरावांचं नाव घेते, दिवस आहे खास." अन् थबकल्या. "काहून वं, माह्या बुढ्याचं नाव तं मारोती आहे!"

राधाकाकूंनी दाबलं, तरी निरंजनराव. बायका हसून बेजार.

देवश्रीचे कान तापले. उखाणा तयार करणाऱ्या मेथडमध्ये this.pati लिहिलं असतं, तर जिनं बटण दाबलं तिच्याच नवऱ्याचं नाव आलं असतं. पण करून पाहताना तिनं तिथं मनातलं नाव टाकलं होतं, ते काढायचंच राहिलं. तिनं घाईघाईनं दुरुस्ती केली. शांताबाईंना मारोतीराव मिळाले, राधाकाकूंना वासुदेवराव.

देवश्रीची आई हे सगळं पाहत होती. आता ती पुढं आली आणि तिनं यादीतलं शेवटचं नाव निवडलं, देवश्री. उखाणा आला, पण नवऱ्याच्या नावाची जागा कोरी.

आईनं लेकीकडे पाहिलं.

"कोरं चांगलं नाही दिसत वं. मघाचंच नाव टाक."