खांदेकरी

चर्चच्या दारात रोझालियाच्या पप्पांची शवपेटी तयार होती. खांदा द्यायला मात्र तिचा नवरा आणि शेजारचे तीन म्हातारे, एवढेच. ती तशीच रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत शिरली. साल्वोकाका आपल्या माणसांसह कॉफी पीत बसले होते.

"काका, चला ना. सख्खे भाऊ होते तुमचे."

"बाहेर तो पोलिसांचा कॅमेरेवाला बसलाय, पोरी. फोटो निघाले, की उद्या आम्ही सगळे कोर्टात. तुझ्या बापालाही हे पटलं असतं." काकांनी कपातून नजर वर केली नाही.

पप्पांनी टोळीतल्या एकाचंही नाव सांगितलं नव्हतं, म्हणून तर ते तुरुंगातच वारले. बाहेर येऊन तिनं पोलिसांच्या गाडीची काच ठोठावली. आतल्या करड्या केसांच्या अधिकाऱ्याला ती ओळखत होती. पप्पांना यानंच बेड्या घातल्या होत्या.

"थोडा वेळ कॅमेरा ठेवून द्या. त्यांना बाहेर येऊ द्या."

तो गाडीतून उतरला. मग कॅमेरा डिकीत ठेवून, कुलूप लावून, रिकाम्या हातांनी फुटपाथवर उभा राहिला. बेकरीच्या काचेतून सगळ्यांनी ते पाहिलं. आत कुणीतरी उठलं. त्या माणसानं पडदा ओढून घेतला.

"किती जण कमी आहेत?" अधिकाऱ्यानं हळूच विचारलं.

"दोन."

त्यानं गाडीतल्या जोडीदाराला हाक मारली आणि कोटाची बटणं लावली. "पुढची बाजू आम्ही धरतो," तो म्हणाला. "पायऱ्यांवर सगळा भार पुढेच येतो."