मिशांची कसोटी

२००७ सालच्या एका शनिवारी, दुपारी साडेतीन वाजता, धाकटीने एक्सपोर्टचं बटण सहाव्यांदा दाबलं. फाइल झाली सव्वीस एमबीची. दादाच्या जहाजावर दहा एमबीपेक्षा मोठं ईमेल पोचत नसे. पाच वाजता जहाज बंदर सोडणार होतं. मग दीड महिना त्याला चित्र-बित्र काही नाही, नुसती अक्षरं.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. त्यातली नऊ मिनिटं अप्पांची. मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला उभे राहिलेले अप्पा निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रास्ताविकापासून सुरुवात केली होती.

“अप्पा, थोडं कापू का?” धाकटीने विचारलं.

“एक शब्दही कापायचा नाही. तुझं यंत्र अपुरं पडतंय, त्यात माझ्या विचारांचा काय दोष?”

वहिनी खुर्चीमागे उभी होती. तिच्या कडेवर तेरा महिन्यांची मुंगी. दादा गेला तेव्हा ती चार महिन्यांची होती. तिचं रांगणं हुकलं, पहिला दात हुकला. निघताना तो म्हणाला होता, “पहिलं पाऊल तेवढं मला दाखवा.” तेव्हापासून कॅमेरा वहिनीच्या हाताशी असायचा. भिंगाकडे बोट करून ती रोज म्हणायची, “मुंगे, बाबा यात आहेत. ये, बाबांकडे ये.” मुंगी भिंगाकडे बघून हसायची आणि फतकल मारून बसायची. शेजारणी म्हणू लागल्या होत्या, उशीरच होतोय हो हिला.

“पाऊल नाही तर नाही,” वहिनी हळूच म्हणाली. “निदान पोरगी दिसू दे त्यांना. ताई, जमेल ना?”

“जमेल की.”

स्टुडिओत नोकरीला लागून धाकटीला तीन महिने झाले होते. तिने चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली, मग पुन्हा निम्मी. सेकंदाला पंचवीस चित्रं होती, ती बारावर आणली. आवाज दोन वाटांऐवजी एका वाटेने सोडला. फाइल उतरत होती, पण चित्रही उतरत होतं. ते किती उतरलं हे पाहायला तिची एक कसोटी होती: अप्पांच्या मिशा. केस वेगवेगळे दिसले तर पास. सव्वीस एमबीला अप्पांच्या नाकाखाली साबणाची वडी चिकटवल्यासारखी दिसत होती.

“हा मी नव्हे,” अप्पा म्हणाले.

सव्वाचार वाजता तिने स्टुडिओतल्या मोठ्या एडिटरला फोन लावला. “अगं, यादीत खाली नवी पद्धत आलीय बघ दाबायची,” तो म्हणाला. “हत्ती काडेपेटीत बसतो.”

दर वेळी अकरा मिनिटं दाबून बघायला आता वेळ नव्हता. चाचणीपुरता एक तुकडा हवा होता. तिने टेपच्या शेवटची चौदा सेकंदं निवडली. भाषण संपल्यावर अप्पा कॅमेरा बंद करायला आले होते आणि बटण सापडेना म्हणून भिंगात डोकावत होते. त्यांच्या मिशांनी अर्धी चौकट भरली होती. चाचणीला याहून चांगलं काय मिळणार? तिने तुकड्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या, नवी पद्धत लावली, दर्जाचा आकडा जरा चढवला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

मग तिने पूर्ण व्हिडिओ एक्सपोर्टला लावला. झटक्यात झाला. चार एमबी.

“बसला हत्ती,” ती म्हणाली. पावणेपाच झाले होते. उघडून बघत न बसता तिने ईमेल पाठवून दिलं. वहिनीने मुंगीचा पापा घेतला, अप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

पाचला पाच मिनिटं असताना उत्तर आलं. वहिनी वाचू लागली. “अप्पांच्या मिशा सुरेख. पण मुंगी चालायला लागली हे मला कुणी कळवलं का नाही? दहा वेळा पाहिलं. सगळी इंजिनरूम पाहून गेली.”

“उन्हाने डोकं फिरलंय त्याचं,” अप्पा म्हणाले.

धाकटीने पाठवलेली फाइल उघडली. ती चौदा सेकंदांचीच होती. तुकड्याच्या खुणा काढायच्या राहिल्या होत्या, तेवढाच भाग गेला होता. पण या वेळी तिने मिशांकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं. अप्पांच्या कानामागे मुंगीने खाटेचा पाय सोडला होता. एक, दोन, तीन, चार पावलं. मग फतकल. त्या वेळी घरातले सगळे मागे दाराकडून अप्पांना बटण कुठे आहे ते सांगत होते.

वहिनी खाली बसली, हसता हसता रडली. अप्पांनी व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला आणि शेवटी म्हणाले, “मी मधे नसतो तर आणखी दिसलं असतं.”

दादा पाच महिन्यांनी परतला, तेव्हा मुंगी धावत होती. अप्पा पुढे बारा वर्षं जगले; भाषण गेलंच नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. भाषण कसं वाटलं, हे ते दादाला दर वाढदिवसाला विचारत, आणि भाषण कधीच न ऐकलेला दादा दर वेळी सांगे, “प्रास्ताविक फार छान होतं.” धाकटीचा आता स्वतःचा स्टुडिओ आहे, तिथून कुठलीही फाइल पूर्ण पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. वहिनीने तो कॅमेरा अजून जपून ठेवलाय.

मुंगी स्वतःच जहाजावर शिकाऊ इंजिनिअर झाली. ती चौदा सेकंदं तिच्या फोनमध्ये असतात. परवा ती पाहून एका सहकाऱ्याने विचारलं, “सगळे तर मागे दाराकडे आहेत. मग ही एकटी कॅमेऱ्याकडे कुठे निघालीय?”

“बाबांकडे,” मुंगी म्हणाली.