पाठीला पाठ
घाटकोपरच्या औषधांच्या कारखान्यात मालन आणि वनमाला नऊ वर्षं पाठीला पाठ लावून गोळ्यांची पाकिटं भरायच्या. तोंडं भिंतीकडे, बोलणं दिवसभर: सासू, नवरा, चुकलेली पाळी. मग साहेबांनी मनाची डॉक्टरीण आणली. तिने टेबलं समोरासमोर लावली. “आता मनमोकळं बोला, कामही छान होईल!” झालं, वाट लागली. वनमालाचे डोळे समोर आल्यावर मालनची दातखीळच बसली. महिनाभर नुसतं “जेवलीस?” “जेवले.” गिरणीच्या संपात गावी गेलेल्या नवऱ्याने दुसरी केली, हे मालनला सांगायचं होतं, वनमालाशिवाय सांगणार कुणाला? आज चहाच्या सुट्टीत तोंड उघडलं, मिटलं. “टकमक काय बघतेस गं?” वनमाला हसली. मालनने स्टूल गर्रकन फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली. सगळ्यांना वाटलं, भांडली. मागून दुसरं स्टूल सरकत आलं. पाठीला पाठ टेकली. “बोल आता, माले.”