बोलायचं बटण

सांगलीचा अनीश बोलताना अडखळायचा. नव्व्याण्णव साली इंटरनेटवर गेम खेळता खेळता बोलायचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा साताऱ्याहून सोबत खेळणारा अवधूत म्हणाला, "गड्या, तू आपला टाईपच कर. तुझं वाक्य संपेस्तोवर आपण सगळे मरतोय." हेडफोनमध्ये बाकीची पोरं खदखदून हसली.

अनीशनं सेटिंग उघडलं आणि बोलण्यासाठी कीबोर्डवरचं सगळ्यांत मोठं बटण निवडलं, स्पेसबार. ते दाबून धरलं की आपला आवाज पलीकडे जायचा आणि तोवर दुसऱ्यांचं काहीच ऐकू यायचं नाही.

"मी ब-ब-बोलणार. तुम्ही थ-थांबायचं." एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला, पण अंगठा त्यानं उचलला नाही. मग बटण सोडलं.

"झालं का तुझं?" अवधूत करवादला.

अनीशनं पुन्हा स्पेसबार दाबला.

"न-न-नाही!"