रांगेतली कळशी

रिबकाबाईचा लेक सोसायटीचा चेअरमन झाला, तसा दुष्काळात पाण्याचा टँकर आधी तिच्याच हौदात रिकामा होऊ लागला, बाकी गाव उरल्या पाण्यासाठी रांगेत. दर रविवारी ती चर्चमध्ये ठसक्यात साक्ष द्यायची, “देवाची माझ्या घरावर लई कृपा हाय!” एका सकाळी शेजारची म्हातारी शलोमी कळशी घेऊन दारात आली. “रिबके, एवढी भरून दे गं.” “रांगेत नंबर लाव की, म्हातारे! माझा हौद काय पाणपोई हाय?” रिबकाबाईनं दार लोटलं. दुपारी शलोमी रांगेतच उन्हानं कोसळली, ती उठलीच नाही. लोकांनी उचलून नेलं. कळशी तेवढी तिचा नंबर धरून राहिली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीला बोलावल्यावर रिबकाबाई तीच कोरडी कळशी काखेत घेऊन उठली. मग म्हणाली, “देवाची कृपा माझ्या दारात आली हुती, पाळकसाहेब. मीच तिला रांगेत धाडलं.”