सभाघराचं जोतं

"जोतं एक वाव उंच! माणसाच्या पसरलेल्या दोन हातांएवढं, बस्स. बोटभरही जास्त नाही!" म्हाताऱ्या कौटूने चटईवर हात आपटला. "वाडवडिलांनी घालून दिलंय ते मोडायचं नाही."

गेल्या वर्षीच्या वादळात समुद्राने पाडलेल्या जुन्या सभाघराचा एकच खांब समोर उरला होता. त्यावर लाटेची पांढरी रेघ तेकारावाच्या डोक्याच्याही वर गेली होती. आत आसरा घेतलेली तिची धाकटी बहीण त्या वादळात गेली. नवं जोतं या रेघेच्या वर हवं, एवढंच तेकारावा वर्षभर सगळ्यांना सांगत होती.

"बरं, एकच वाव," ती आता हसून म्हणाली. "पण मुख्य कारागीर मी नाही. बारानिकोला करा."

सगळे गारच पडले. सभाघर बांधायचा मान तिच्या घराण्याचा, आणि बारानिकोशी तर तिचं हाडवैर. मेला कुंपणाबाहेर उभा राहून तिचे नीरफणस तोडायचा, आकडीसुद्धा लागत नसे त्याला. कामाच्या नावाने मात्र शंख! त्याने शाकारलेल्या घरात पाऊस आधी आत पडायचा, मग बाहेर.

"थकली वाटतं बुटकी," बारानिको खूश होऊन म्हणाला. "सांभाळतो हो मी!"

"सांभाळ बाबा. बांधायला आहेच मी तुझ्या हाताखाली."

घरी तिची मुलगी एरेती रडायलाच लागली. "मावशीला गिळलं त्या समुद्राने, आणि तू आपला मान त्या गाढवाला दिलास?"

"आधी जेव. मासा गार होतोय."

सकाळी बारानिकोच्या डोक्यावर फुलांची माळ चढली. कौटूने काथ्याचा नवा दोर आणला. रिवाजच तसा होता: मुख्य कारागिराने हात पसरायचे, बोटांपासून बोटांपर्यंत दोर ताणायचा आणि तोडायचा. त्या सभाघराची वाव तीच.

बारानिकोने ऐटीत हात पसरले. पसरले ते पसरतच गेले.

तेकारावाने तोडलेला दोर खांबापाशी नेला. खालचं टोक पायाने दाबलं, वरचं बारानिकोला धरायला लावलं. टोक पांढऱ्या रेघेच्या चांगलं वीतभर वर गेलं. कौटू पुढे येऊन रेघ आणि दोर न्याहाळू लागला.

"एकच वाव, आजोबा," तेकारावा म्हणाली. "बोटभरही जास्त नाही."